डाव्या हाताला काम

आषाढातल्या एका दुपारी भाचा छत्री न उघडताच अंगणातून धावत वसरीवर आला. छातीशी धरलेलं लांबट खोकं त्याने दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलं होतं. स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला. मित्राकडून आठवडाभरासाठी मागून आणलेला कीबोर्ड होता तो. त्याने तो कोरड्या पंच्याने पुसला आणि माझ्यासमोर चटईवर ठेवला. एकोणपन्नास पट्ट्या, काळं अंग, डावीकडे दोन चाकं, वरच्या बाजूला नऊ सरकत्या खुंट्या आणि आठ रबरी चौकोन. मी पदर खोचून मांडी घातली. उजव्या हाताचं बोट सवयीने काळी चारवर गेलं आणि डावा हात, कुणी न सांगता, मागे गेला. पेटीचा भाता शोधायला. तिथे भाता नव्हता. बोटांना फक्त तार खोचायचं एक छोटं भोक लागलं. तरीही मी पट्टी दाबली. प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर टेकल्याचा ‘टक्’ एवढाच आवाज झाला.

“हांतूंत आवाज नासता गे, आत्ये,” डोकं पुसता पुसता भाचा म्हणाला. मग त्याने समजावलं की हा नुसता कंट्रोलर. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली एवढंच तो लॅपटॉपला कळवतो. सूर लॅपटॉपमध्ये असतात. असाच, पण नवा, चांगल्यातला एक त्याला घ्यायचा होता. तो त्यावर आपल्या बँडची गाणी बसवणार आणि मी माझ्या वर्गातल्या मुलींसाठी सराव रेकॉर्ड करणार, असा बेत. “नव्यात तुका किदें किदें जाय तें सांग,” तो म्हणाला, “मग बघतो.” मला काय काय हवं? पेटी घेताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पेटी आली, तिच्या स्वभावाप्रमाणे मी वाजवायला शिकले. आता वाद्यच विचारत होतं की मी कसं असू, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आत चहा प्यायला गेला. मी तशीच बसून राहिले, डावा हात कीबोर्डच्या मागे हवेत ठेवून.

तो हात पुढे कितीतरी दिवस मनातून गेला नाही.

आमच्या घरातली पेटी आबांची. म्हार्दोळच्या आसपासच्या गावांत जत्रेच्या, उत्सवाच्या नाटकांना आबा साथ करत. नाटकाला पायपेटी, भजनाला हातपेटी. मध्यरात्र उलटल्यावर पडदा उघडायचा आणि पहाटे देवळाच्या चौघड्याबरोबर पडायचा. मी आईच्या मांडीवर पेंगत असायचे आणि आवाजावरून मला कळायचं की आता आबांचे पाय थकलेत. पायपेटी थकते ती सुरात कळत नाही, श्वासात कळते. घरी मात्र हातपेटी, आणि तिच्यावर मला शिकवताना आबा माझ्या उजव्या हाताकडे क्वचितच बघत. बोटं चुकली तर म्हणत, चुकू देत, बसतील हळूहळू. डावा हात चुकला की मात्र वाजवणं थांबवत. भाता धपापायचा नाही. वारा भरून ठेवायचा, आणि गाणारा जितका मागेल तितकाच सोडायचा. गाणारी बाई तान संपवून श्वास घेते, तेव्हा पेटीनेही किंचित मान खाली घालायची. हे सगळं कातडं, लाकूड आणि कापडाच्या घड्यांमधून तळहाताला कळतं. घडीत वारा किती उरलाय ते भात्याच्या पाठीवर हात असताना समजतं, जसं तान्ह्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला की ते झोपलंय की नुसतं पडून आहे हे आईला समजतं.

पेटीला लोकांनी कमी बोल लावले नाहीत. परक्या मुलखातून आलेलं, ठरावीक सुरांत अडकलेलं, एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणारी मींड न निघणारं वाद्य म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली, आणि ती बंदी पुढची तीसेक वर्षं टिकली. तरीही आमच्या बोरीत जन्मलेल्या तुळशीदास बोरकरांनी त्याच पेटीवर आयुष्य घातलं. पी. मधुकरांकडे ते शिकले, पुढे २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पेटी ऐकताना ही सुटे सुटे सूर असलेली पेटी आहे हे आठवण करून द्यावं लागायचं. मींड निघत नाही हे खरंच. पण दोन सुरांच्या सांध्यावर भाता असा काही सैल करायचा, पहिला सूर सुटायच्या आत दुसरा असा लावायचा, की ऐकणाऱ्याचा कान मधली वाट स्वतः चालून जातो. हे मी इतक्या विस्ताराने लिहितेय, कारण नव्या वाद्याला ‘हे आपलं नाही’ म्हणून दूर सारण्याचा हक्क पेटीवाल्याला तरी नाही. आमचंही कधीकाळी नव्हतं.

तर तो कीबोर्ड आठवडाभर वसरीवर राहिला. भाच्याने लॅपटॉप जोडून दिला, त्यात एक बऱ्यापैकी पेटीचा आवाज घातला. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी कंटाळा आला, तिसऱ्या दिवशी मी कंटाळ्याचं कारण शोधायला बसले. पट्टीच्या खाली रबराचे दोन स्पर्शबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला यावरून तुम्ही किती जोरात दाबलं ते यंत्र ठरवतं, आणि १ ते १२७ मधला एक आकडा पाठवतं. मध्य सप्तकाचा पहिला ‘सी’, म्हणजे आमची पांढरी एक, हा ६० नंबरचा सूर. म्हणजे मी पांढरी एक हळुवार दाबली की तार सांगणार: साठ नंबर, जोर चाळीस. आणि मग? मग काहीच नाही. बोट उचलेपर्यंत ती पट्टी माझ्याकडे बघतही नाही. मी बोट तसंच ठेवून डोळे मिटले, मनात सूर फुगवला, ओसरवला. लॅपटॉपमधला सूर आपला एका रेषेत चालला होता. पियानो वाजवणाऱ्याला यात वावगं वाटणार नाही. त्याची हातोडी तारेवर पडली की सूर हातातून सुटतो, पुढे तो विरत जातो. आमचा सूर सुटत नाही. तो सुरू झाल्यावर आमचं खरं काम सुरू होतं.

पट्टी दाबल्यानंतरही बोटाचा दाब मोजायची सोय काही कीबोर्डांत असते. तिला आफ्टरटच म्हणतात. मित्राच्या त्या कीबोर्डातही होती, पण ती जागी व्हायला अंगठ्याने घराची कडी लावावी इतका जोर द्यावा लागायचा, आणि जागी झाली की एकदम धावत सुटायची. शिवाय दाब कुठल्याही एका बोटाने दिला तरी सगळेच सूर फुगायचे. प्रत्येक बोटाचा दाब वेगळा ओळखणारी वाद्यंही आहेत, जुनी आहेत आणि आता नव्याने येताहेत. भाच्याने मला मोबाइलवर दाखवली. एकात पट्ट्यांच्या जागी मऊ सिलिकॉनची लाट असते. बोट सरकवलं की सूर सरकतो. त्याचं नाव सीबोर्ड. दुसरं ऑस्मोस; त्याच्या पट्ट्या नेहमीसारख्या दिसतात, पण डावी-उजवीकडे हलतात, आणि बोट हलवलं की सूर थरथरतो. ते बघताना माझ्या घशाशी काहीतरी आलं. पेटीवाल्यांच्या किती पिढ्या मींडेसाठी तळमळल्या! आणि इथे कुठल्या तरी दूरच्या देशात एक माणूस निवांत बसून पट्टी बाजूला हलवत होता आणि पंचमावरून मध्यमावर सूर लोण्यासारखा उतरत होता. तो वाजवत होता ते मला आवडलं नाही. पण ते वाद्य आबांच्या हातात असतं तर, असं वाटून मी मोबाइल परत दिला.

कीबोर्ड आणि लॅपटॉप ज्या भाषेत बोलतात तिचं नाव मिडी. तिचा जन्मही मला भाच्यानेच सांगितला. १९८३ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका व्यापारमेळ्यात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, लोकांसमोर एका तारेने जोडले आणि एकाच्या पट्ट्यांवर दुसरा वाजला. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी हे त्यामागचे दोघे. काकेहाशींनी तरुणपणी घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. दोघांना २०१३ मध्ये त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटलं ते हे की ती भाषा त्यांनी सगळ्यांना फुकट वापरू दिली, म्हणून त्या वर्षीच्या यंत्राची तार आजच्या यंत्राशी अजून बोलू शकते. चाळीस वर्षांनंतरही! आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं भांडं मिळत नाही. १९८३ हे वर्ष ऐकून मला मात्र पणजी आठवली. चार्ल्स कोरियांनी आखलेली कला अकादमीची वास्तू त्याच वर्षी पुरी झाली. मांडवीच्या काठावरच्या त्या खुल्या ओवरीत आबा मला घेऊन उभे होते, आतून कुणाच्या तरी पेटीचा आवाज येत होता, आणि आबा नदीकडे तोंड करून, डावा तळहात मांडीवर हलकेच उघडझाप करत ऐकत होते. त्यांना तेव्हा कुणी सांगितलं असतं, की बाबा, यापुढे पट्टी एका देशात आणि सूर दुसऱ्या यंत्रात असणार, तर त्यांनी काय विचारलं असतं? मला वाटतं, भाता कुणाकडे, एवढंच विचारलं असतं.

कुणाला काय हवं याची भाच्याची यादी मोठी होती. बँडमध्ये तो लग्नांना, फेस्तांना वाजवतो. त्याला एकसष्ट पट्ट्या हव्यात पण स्कूटरच्या पायाशी उभं राहील असं वजनही हवं. फेरीबोटीवर गर्दीत खांद्याला लावून उभं राहता यायला हवं. ठोकायला चौकोन हवेत, लहान पडदा हवा, आणि स्टेजवर अंधारात न बघता हाताला कळतील अशा खुंट्या हव्यात. तार पक्की बसायला हवी. ऐन वरात दारात आलेली असताना तार निसटून सगळं मुकं झाल्याचं त्याने भोगलंय. आणि कीबोर्ड नवा घेतला की कुठल्या तरी संकेतस्थळावर खातं उघडा, नाव नोंदवा, मग त्याचे आवाज उतरवून घ्या, हे त्याला नको. आमच्याकडे पावसात नेट दोन दोन दिवस नसतं, तेव्हा त्याचं म्हणणं मला रास्त वाटतं. पलीकडच्या वाड्यावरचे मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, मात्र यातल्या कशानेच हरखत नाहीत. त्यांनी चर्चमध्ये आयुष्यभर क्वायर बसवला, पोरांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकवलं. ते एका संध्याकाळी आले, दोन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि बोटं झटकली. त्यांना अठ्ठ्याऐंशी पट्ट्या हव्या, खर्जाकडे जड आणि वर हलक्या होत जाणाऱ्या, आतून हातोडी उचलल्यासारख्या. पेडल असा हवा की अर्धा दाबला तर अर्धाच गुंजेल. “बोटांना उत्तर मिळायला हवं, बाय,” ते म्हणाले. त्यांची बोटं आता संधिवाताने वाकली आहेत; तरी त्यांना पट्ट्या हलक्या नको आहेत.

एका गोष्टीवर आम्हा तिघांचं पहिल्या वाक्यातच एकमत झालं. ती म्हणजे हवा. ही यंत्रं जिथे घडवली जातात तिथे कुणाला गोव्याचा जुलै माहीत नसावा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो नुसता बाहेर पडत नाही. तो कपाटात येतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत येतो, चपलांवर हिरवा होऊन बसतो. पेटीच्या भात्याला बुरशी येऊ नये म्हणून आमच्याकडे जूनपासून कपाटात एक बारीक बल्ब रात्रंदिवस जळतो. त्या उबेत पेटी, आईच्या दोन पैठण्या आणि तपकिरी झालेले फोटो एकत्र पावसाळा काढतात. मित्राचा तो कीबोर्ड तीन वर्षांचाच होता. त्याच्या खुंट्यांवर आणि कडेला दिलेला मऊ रबरी लेप विरघळून गुळाच्या पाकासारखा चिकट झाला होता. हात लावला की बोटांना काळं लागायचं. वरच्या सप्तकातला गंधार एकदा दाबला की दोनदा वाजायचा. खाऱ्या, दमट हवेत आतले स्पर्शबिंदू मळतात, मग पट्टी दचकल्यासारखी वागते. मडगावच्या एका दुरुस्तीवाल्याने ती उघडून बिंदू स्पिरिटने पुसून दिले, पण तो म्हणाला की रबराची ती पट्टीच बदलायला हवी आणि ती सुटी मिळत नाही. सगळं खालचं पाट बदला, नाहीतर नवा घ्या. मला हे फार लागलं. आबांच्या पेटीचे सूर पालिताण्याचे. त्यातला एखादा बेसूर झाला की कारागीर पितळेची ती जीभ किंचित खरवडतो आणि सूर परत जागेवर येतो. टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. अशी ती पेटी मला मिळाली, माझ्यानंतरही कुणाला तरी मिळेल. नव्या कीबोर्डाकडून माझी अपेक्षा विचारलीत तर पहिली हीच लिहा: तळाला साधे स्क्रू असावेत, आतलं रबर सुटं मिळावं, अंगाला लेप नसावा, आणि तो माझ्या मुलींच्या मुलींना उघडता यावा. घड्याळं दुरुस्त करत वाढलेल्या माणसाने सुरू केलेली गोष्ट आहे ही. तिच्या पोटातलं उघडता न येणं त्यालाही रुचलं नसतं.

सुरांचंही सांगायला हवं. लॅपटॉपमधल्या पेटीवर यमनाचा गंधार लावला आणि तंबोऱ्याशी धरला की तो टोचतो. दोष लॅपटॉपचा नाही, सप्तकाचे बारा समान भाग पाडण्याचा आहे. सप्तकाचे बाराशे बारीक भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट. षड्जापासून गंधार नैसर्गिक जागी ३८६ सेंटवर बसतो, समान भागांच्या हिशेबात तो ४०० वर जातो. चौदा सेंट म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार आणि हा, दोघे एका दारातून एकदम आत येऊ बघताहेत असं वाटतं. पेटीलाही हाच रोग आहे, म्हणून तर काही पेटीवाले गंधार उतरवून लावून घेतात. पण पेटी उघडून लावलेला गंधार षड्ज बदलला की निरुपयोगी. इथे यंत्राला काय कठीण आहे? माझी मुलगी काळी चारला गाते, तिची मैत्रीण काळी पाचला. षड्ज कुठला ते एका बटणाने सांगितलं की बाकीच्या सुरांनी त्याच्याभोवती आपापल्या जागी बसावं. पट्ट्यांवर काय लिहिलंय हे गाणाऱ्याला कशाला हवं? मिडीमध्ये सुरांची जागा बदलायची तरतूद आहे असं भाच्याने शोधून काढलं, पण त्यासाठी लॅपटॉपमध्ये तीन दारं उघडून आत जावं लागतं, आणि आतला आवाज ती तरतूद मानेलच असं नाही. मला ते बटण वर, हाताशी हवं आहे. मींडेचं चाक आहे डावीकडे, पण नेहमीच्या मांडणीत ते फिरवलं की वाजत असलेले सगळे सूर एकत्र सरकतात. मागे षड्ज धरून ठेवला असेल तर तोही गंधाराबरोबर चालू लागतो, आणि षड्जच हलला तर उरतं काय? नव्या पद्धतीत प्रत्येक सुराला वेगळा मार्ग देतात, म्हणजे एकच सूर वाकतो. ती पद्धत महागड्या वाद्यांपुरती राहू नये, शिकणाऱ्या मुलींच्या कीबोर्डात यावी असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक सोय भाच्याने मोठ्या कौतुकाने दाखवली. राग निवडा, रागाबाहेरची पट्टी दाबलीच तर वाजणार नाही, किंवा शेजारच्या बरोबर सुरावर आपोआप जाईल. मी भूप निवडला. सा रे ग प ध. मग त्याला म्हटलं, आता देसकार दाखव. तेच पाच सूर. गंधारावर विसावलात तर भूप, धैवतावर झुललात, उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, रमलात तर देसकार; एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. यंत्राच्या लेखी दोघांमध्ये फरकच नाही. त्यात यंत्राची चूक नाही, ते पट्ट्या मोजतं. पण माझ्या वर्गातली आठ वर्षांची पोर जेव्हा भुपात चुकून मध्यम लावते आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघते, तो दचका मला हवा आहे. त्या दचक्यातून तिचा कान उघडतो. ती सोय बंद करता येते हे ऐकून मी निवांत झाले.

उशिराचा प्रश्नही निघाला. पट्टी दाबल्यावर सूर यायला किती वेळ लागतो यावर भाचा आणि त्याचे मित्र तासन् तास बोलतात. जुन्या तारेतून एका सुराचा निरोप जायला जेमतेम एक सहस्रांश सेकंद लागतो. बाकीचा वेळ लॅपटॉप खातो, पाच-सहा, कधी दहा. मी त्यांना म्हटलं, चतुर्थीला आपल्या चौकात आरत्या होतात तेव्हा घुमट वाजवणारा माझ्यापासून चार मीटरवर खांबाला टेकून बसतो, शामेळवाला त्याच्याही पलीकडे, कांसाळं वाजवणारी पोरं पायऱ्यांवर. आवाजाला मीटरभर यायला साधारण तीन सहस्रांश लागतात, म्हणजे घुमट मला बारा सहस्रांश उशिरा ऐकू येतं, आणि तरीही आमच्या आरत्या आजवर कधी ढासळल्या नाहीत. कारण तो नेहमी तेवढाच उशीर असतो. उशिराची सवय होते, लहरीपणाची होत नाही. एकदा पाच, एकदा वीस असं यंत्र वागू लागलं की हात घाबरतो आणि बिचारा हळूहळू स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. माझ्या एका गुणी विद्यार्थिनीचं असंच झालं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर सराव करून ती लयीला कच्ची झाली असं सगळे म्हणायला लागले, आणि पेटीवर बसवली तर तिची लय लखलखीत.

मित्राचा कीबोर्ड परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी भाच्याला डाव्या हाताबद्दल सांगितलं. इतके दिवस मला लाज वाटत होती, का ते कळत नाही. मी म्हटलं, माझा हा हात रिकामा राहतो आणि त्यामुळे उजवाही खोटं वाजवतो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग कीबोर्ड अर्धवट तिरका करून त्याने शेवटची सरकती खुंटी माझ्या डाव्या हाताशी आणली, आणि लॅपटॉपला सांगितलं की ही खुंटी म्हणजे वारा. पुढे ढकलली की भरणार, मागे ओढली की ओसरणार. अकरा नंबरचा निरोप असतो त्याचा, एक्सप्रेशन नावाचा. खुंटीला भात्याचं वजन नव्हतं, परत रेटणारं कातडं नव्हतं. पण मी यमनातली ‘एरी आली पियाबिन’ हळूहळू वाजवायला घेतली आणि दुसऱ्या आवर्तनाला खांद्यातलं काहीतरी सैल झालं. त्याने ते रेकॉर्ड करून ठेवलं.

मग पडद्यावर त्याने मला एक रेघ दाखवली. वर सुरांच्या काड्या, खाली माझ्या डाव्या हाताची चढउतार. जवळ नेऊन पाहिली तर रेघ गुळगुळीत नव्हती, पायऱ्यापायऱ्यांची होती. शून्यापासून १२७ पर्यंत एकशे अठ्ठावीसच पायऱ्या, त्यावर उभं राहून श्वास काढायचा. २०२० मध्ये आलेल्या मिडीच्या नव्या आवृत्तीत या पायऱ्या इतक्या बारीक होतात की डोळ्याला दिसू नयेत, असं तो म्हणाला. त्याचं बोट मात्र दुसरीकडेच थांबलं होतं. “ही जागा बघ,” तो म्हणाला. समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, जरा अलीकडे रेघ खाली बुडत होती आणि बरोबर समेवर वर येत होती. पुढच्या आवर्तनात तसंच. त्याच्या पुढच्यातही. एकूण नऊ वेळा. “हे सरळ करू?”

मी असं करते हे मला माहीतच नव्हतं. कपाटातली, बल्बच्या उबेतली आबांची कॅसेट काढली. गावच्या नाटकातलं रेकॉर्डिंग, कुणी तरी प्रेक्षकांतून केलेलं. मध्येच मूल रडतं, कुणीतरी चणेवाल्याला हाक मारतं. बुरशीने अर्धी खाल्लेली फीत सळसळत फिरली. नटाच्या आवाजामागे पायपेटी, आणि समेच्या किंचित अलीकडे तिने मान खाली घातली. गाणाऱ्याने समेवर पाऊल टाकलं तेव्हा ती त्याच्या पायाखाली भरून आली. भाच्याने कॅसेट मागे नेऊन तीनदा ऐकली. त्याने आबांना पाहिलेलं नाही. माउसवरचं बोट त्याने काढून घेतलं आणि रेघ तशीच ठेवली.

तेवढ्यात वीज गेली. स्पीकर गप्प झाला, पंखा थांबला, पाऊस एकदम जवळ आला. लॅपटॉप मात्र चालू होता आणि कीबोर्डला लागेल तेवढी वीज त्याच तारेतून मिळत होती. भाच्याने इअरफोन काढला, एक बोंड आपल्या कानात घातलं, दुसरं माझ्या. “आता तू वाजव, मी वारा घालतो,” तो म्हणाला, आणि खुंटी आपल्याकडे घेतली. त्याचा वारा आखूड होता, घाईचा होता. समेच्या अलीकडे तो दरवेळी माझ्या तोंडाकडे बघत होता.

वहिनी समई घेऊन वसरीवर आली. काळोखात आम्ही दोघं एका तारेला बांधल्यासारखे डोकी जवळ करून बसलेलो. तिला फक्त पट्ट्यांची टक् टक् ऐकू येत होती. ती थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिली, समई खाली ठेवली आणि विचारलं, “आवाज खंय?”